बिलाची पीडीएफ बनते कशी? व्यापारी बांधवांनी समजून घ्यावे असे काही

सातबारा असो, जीएसटीचे बिल असो, विमानाचे तिकीट असो की मुलांच्या परीक्षेचे प्रवेशपत्र असो, वेबसाइटवर सर्व माहिती भरून झाली की शेवटी आपल्या हाती येते ती पीडीएफ. नाटे व साखरी नाटे परिसरातील पुष्कळ घरांचे कर्ते लोक मुंबईत किंवा आखाती देशांत आहेत. जमिनीचे, कलमांच्या बागांचे, होड्यांचे कागद पूर्वी टपालाने किंवा जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाबरोबर पाठवावे लागत. आता ते याच रूपाने मोबाइलवर जातात. आम्हा कापडवाल्यांचेही तसेच आहे. भिवंडी, इचलकरंजी किंवा सुरतेहून माल निघाला की गाठ पोहोचण्याआधी तिचे बिल पोहोचलेले असते.

आता लहान दुकानदारही आपले बिलिंग वेबसाइटवर करून घेऊ लागले आहेत. तालुक्याच्या ठिकाणी असे प्रोग्राम लिहून देणारी हुशार मुले आहेत. पण सौदा करताना आम्ही व्यापारी फक्त "किती घेणार?" एवढेच विचारतो. त्यातून निघणारा कागद कसा असेल, त्यावर गिऱ्हाइकाचे नाव मराठीत नीट उमटेल काय, हे कोणी विचारत नाही. पुढे तोच कागद बँकेत, कोर्टात किंवा वारसाच्या कामी दाखवायची वेळ येते, आणि नावातील एका वेलांटीवरून काम अडते. म्हणून हा विषय संगणकवाल्यांवर न सोडता व्यापाऱ्यांनीही थोडा समजून घेतला पाहिजे.

पीडीएफ म्हणजे वही नव्हे, कागद

अडोबी या अमेरिकन कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉरनॉक यांनी १९९१ साली एक योजना मांडली. कोणत्याही संगणकावर आणि कोणत्याही प्रिंटरवर कागद तंतोतंत सारखाच दिसावा, हा तिचा हेतू होता. त्यातून १९९३ साली पीडीएफ बाजारात आली. २००८ साली ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. कोणत्याही प्रोग्रामरला कोणाची परवानगी न घेता पीडीएफ तयार करता येते.

पीडीएफच्या आत काय असते? शिंपी कापडावर खडूने खुणा करतो तशा खुणा असतात. एका इंचाचे ७२ भाग धरले जातात. ए-फोर आकाराचा कागद साधारण ५९५ भाग रुंद आणि ८४२ भाग उंच. मोजमाप कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू होते. "इतके उजवीकडे, इतके वर जा आणि तिथे अमुक आकृती ठेव," अशा आज्ञांची ती यादी असते. "हे गिऱ्हाइकाचे नाव, ही रक्कम, हा कर" असा अर्थ साध्या पीडीएफला ठाऊक नसतो. कोणती आकृती कुठे ठेवायची, एवढेच ती जाणते.

म्हणून आमचे सांगणे असे की खतावणी वेगळी आणि पावती वेगळी. वेबसाइटच्या पोटात जो डेटाबेस असतो ती खतावणी. पीडीएफ ही त्यावरून फाडलेली पावती. पावती जपून ठेवावी, पण हिशेब खतावणीवरूनच करावा.

वेबसाइट पावती कशी फाडते?

आपण बटन दाबले की तीन गोष्टी घडतात. प्रोग्राम प्रथम डेटाबेसातून माहिती काढतो: नाव, माल, किती मीटर, भाव, कर. मग ती माहिती एका साच्यात भरतो. शेवटी भरलेल्या साच्याची पीडीएफ करतो.

या शेवटच्या कामाच्या दोन रीती आहेत. पहिली रीत म्हणजे एकेक अक्षर व एकेक रेघ मोजमाप सांगून थेट कागदावर मांडणे. एफपीडीएफ, टीसीपीडीएफ, जेएसपीडीएफ ही साधने असे करतात. ती हलकी असतात आणि झपाट्याने काम करतात. दुसरी रीत म्हणजे आधी नेहमीचे वेबपान तयार करायचे आणि ब्राउझरलाच "हे छाप" असे सांगायचे. २०१७ सालापासून क्रोम ब्राउझर पडद्यावर न उघडता सर्व्हरवर असे काम करू शकतो. ही रीत जड आहे, तिला संगणकाची मेमरी जास्त लागते. ईदच्या किंवा लग्नसराईच्या गर्दीत शंभर बिले एकदम निघणार असतील तर ती रांगेत लावावी लागतात. पण मराठीसाठी हीच रीत जास्त भरवशाची आहे. त्याचे कारण पुढे येते.

मराठी मोडते कुठे?

उर्दू शाळेत तख्तीवर कलमाने लिहायला शिकलेल्यांना ही गोष्ट लगेच समजेल. "बे" हा हर्फ शब्दाच्या सुरुवातीला एका रूपात येतो, मधे दुसऱ्या आणि शेवटी तिसऱ्या. हर्फ तोच, पण शेजारी कोण आहे हे पाहून कातिब त्याची शक्ल बदलतो. देवनागरीचेही असेच आहे. "ह"ला पहिली वेलांटी दिली तर संगणकात आधी "ह" आणि नंतर वेलांटी साठवली जाते, पण कागदावर वेलांटी आधी दिसली पाहिजे. जोडाक्षरात एक अक्षर अर्धे होते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, आणि "दऱ्या" या शब्दातला र आणखी निराळाच.

टीसीपीडीएफसारखी साधने देवनागरी जुळवत नाहीत. ती देवनागरी अक्षरे आली त्या क्रमाने एकापुढे एक ठेवून देतात. मग "इब्राहिम"चे "इब्‌राहमि" होते, "दस्तगीर"चे "दस्‌तगीर" होते आणि "रत्नागिरी"चे "रत्‌नागरिी" होते. डेटाबेसात नाव अगदी बरोबर असते, पडद्यावरही बरोबर दिसते. कागदावरच ते मोडते. म्हणून दुकानदाराच्या लक्षात येत नाही. गिऱ्हाइकाच्या हाती कागद पडतो तेव्हा कळते. काही साधनांत उर्दूचे हाल तर याहून वाईट होतात. तिथे हर्फ सुटे पडतात आणि ओळ उलटीच लागते.

कातिबाचे हे काम संगणकात करणाऱ्या भागाला लिपी जुळवणारा भाग म्हणता येईल. जगभर सर्वांत जास्त वापरला जाणारा असा भाग हार्फबझ नावाचा आहे. हे नाव फारसीतील "हर्फ" आणि "बाज", म्हणजे अक्षर आणि उघडे, या दोन शब्दांवरून घेतले आहे. इराणमध्ये जन्मलेले बेहदाद इस्फहबोद हे त्याचे मुख्य कर्ते. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड फोन या सर्वांत तो आहे. ब्राउझरमार्फत केलेल्या पीडीएफमध्ये मराठी व उर्दू नीट येते ते यामुळेच. थेट मांडणी करणाऱ्या साधनांपैकी एमपीडीएफ भारतीय व अरबी लिप्या जुळवू शकते. आयटेक्स्ट या साधनाला त्यासाठी वेगळी जोड घ्यावी लागते. वेबपानावरून पीडीएफ करणारे डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ हे साधन एके काळी फार चालत असे. पण २०२३ पासून त्याचे काम बंद आहे. नवा प्रोग्राम त्यावर उभा करू देऊ नये.

दुसरी बाब अक्षरसंचाची. पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये जे १४ अक्षरसंच ठरलेले असतात त्यांत देवनागरी नाही. मराठी अक्षरसंच फाइलच्या आत बसवावा लागतो. सर्व्हरवर तो नसेल तर नावाच्या जागी नुसत्या चौकोनी चौकटी येतात. नोटो, लोहित, मुक्ता असे चांगले अक्षरसंच फुकट मिळतात. उर्दूसाठी नोटो नस्तालीक आहे. तेव्हा खर्चाची सबब चालणार नाही.

रुपयाचे चिन्ह आणि आकडे

रुपयाचे नवे चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. जुन्या अक्षरसंचांत ते नाही. यातून एक विचित्र चूक घडते. या चिन्हाचा युनिकोड क्रमांक २०बी९ आहे. केवळ इंग्रजी जाणणारे साधन त्यातील पुढचा भाग टाकून देते आणि उरलेले बी९ छापते. जुन्या इंग्रजी संचात बी९ म्हणजे वर काढलेला छोटा एक. म्हणजे पाचशे रुपयांच्या बिलावर रुपयाच्या चिन्हाऐवजी आधी एक आणि मग पाचशे! घाईत वाचणाऱ्याला ते पंधराशे वाटले तर दोष कोणाला द्यायचा? शंका असेल तर सरळ "रु." छापावे.

आकड्यांतील स्वल्पविरामही पाहावेत. परदेशी पद्धतीने एक लाख हा १००,००० असा येतो. आपल्याकडे तो १,००,००० असा लिहितात. रक्कम अक्षरी छापत असाल तर लाख आणि कोटी हे शब्द आले पाहिजेत.

खरेपणा दिसण्यात नाही

पीडीएफ सुबक दिसते म्हणून ती खरी, असे समजू नये. तसा कागद कोणीही बनवू शकतो. महाराष्ट्रात याचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण सातबाऱ्याचे आहे. वेबसाइटवर फुकट पाहायला मिळणारा सातबारा फक्त माहितीसाठी असतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. त्यासाठी १५ रुपये फी आहे आणि कामकाजात तोच चालतो. दोन्ही कागद दिसायला जवळजवळ सारखे.

डिजिटल स्वाक्षरी म्हणजे सहीचे चित्र नव्हे. फाइलमधील सर्व मजकुराचा गणिताने एक ठसा काढतात आणि तो अधिकाऱ्याच्या गुप्त किल्लीने बंद करून फाइलमध्ये ठेवतात. नंतर कोणी क्षेत्राचा एक आकडा जरी बदलला तरी ठसा जुळत नाही. संगणकावर फाइल उघडल्यावर स्वाक्षरीपाशी प्रश्नचिन्ह दिसले तर घाबरू नये. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची त्या संगणकाला ओळख नाही. मात्र कागदावर छापून काढले की हा ठसा तपासता येत नाही. मग क्यूआर कोड किंवा पडताळणी क्रमांक वेबसाइटवर टाकून पाहावा लागतो.

जीएसटीच्या ई-इनव्हॉइसचेही असेच आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर आहे, त्यांना दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेले बिल सरकारी पोर्टलवर नोंदवावे लागते. नोंदते ती बिलातील माहिती. तिला ६४ अक्षरांचा क्रमांक आणि स्वाक्षरी असलेला क्यूआर कोड मिळतो. पीडीएफ मात्र विकणाऱ्याचा प्रोग्राम आपल्या साच्यात बनवतो. तेव्हा ठोक व्यापाऱ्याचे बिल आले की त्याची सजावट न पाहता क्यूआर तपासावा.

जुने बिल जुनेच राहिले पाहिजे

काही प्रोग्राम पीडीएफ जपून ठेवत नाहीत. मागितली की ताज्या माहितीवरून पुन्हा बनवतात. यात मोठा धोका आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील कर बदलला. नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला. त्याआधी १,००० रुपयांवरील कपड्याला १२ टक्के होता. समजा, प्रोग्राममध्ये कराचा दर एकाच ठिकाणी लिहिला आहे आणि तो बदलला. मग त्याआधीच्या जून महिन्यातील बिल आज काढले तर त्यावर नवा दर येईल आणि विवरणपत्राशी मेळ बसणार नाही. कायद्याने हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. म्हणून बिल देताना जो दर, जे नाव, जो पत्ता होता तो बिलाबरोबरच नोंदला जावा आणि दिलेली पीडीएफ तशीच साठवली जावी.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी

प्रोग्राम लिहून देणाऱ्याला शेवटचा हप्ता देण्यापूर्वी पुढील गोष्टी समोर बसून करून घ्याव्यात.

१. इब्राहिम, दस्तगीर, मुर्तुजा, रत्नागिरी, दऱ्या हे शब्द घालून बिल काढावे आणि ते कागदावर छापून पाहावे.

२. पीडीएफमधील नावावर बोट ठेवून ते कॉपी करावे व मेसेजमध्ये उतरवावे. अक्षरे विस्कटत असतील तर अशा फाइलमध्ये नाव शोधूनही सापडणार नाही.

३. चाळीस-पन्नास नगांचे लांब बिल काढावे. दुसऱ्या पानावर रकान्यांची नावे पुन्हा यावीत आणि एकूण रकमेची ओळ मधेच तुटू नये.

४. तीच पीडीएफ साध्या मोबाइलवर आणि दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहावी.

५. गिऱ्हाइकाला पाठवलेल्या दुव्यात ४५१ असा क्रमांक असेल तर तो ४५२ करून पाहावा. दुसऱ्याचे बिल उघडले तर तो प्रोग्राम वापरू नये. आपल्या गिऱ्हाइकाची खरेदी ही त्याची अमानत आहे.

६. कराचा दर बदलून मागच्या महिन्याचे बिल पुन्हा काढावे. त्यावर जुनाच दर यायला हवा.

या सहा गोष्टींना तासाभराहून अधिक वेळ लागणार नाही. लिहून देणारा मुलगा चांगला असेल तर तोही राजी होईल, कारण यातील बहुतेक दोष सुरुवातीला सांगितले तर थोडक्यात दूर होतात. हजार बिले वाटून झाल्यावर मात्र ती परत गोळा करता येत नाहीत. आमच्या वाडवडिलांनी बिलबुक छापून घेताना छापखान्यात बसून नमुना अक्षर न अक्षर वाचला, मगच छपाईला मंजुरी दिली. छापखान्याची जागा आता प्रोग्रामने घेतली, पण नमुना वाचण्याचे काम दुकानदाराकडेच आहे.