उद्घाटनानंतरची शाळा

रॅमची पट्टी काढायची, तिची सोनेरी कड खोडरबरानं घासायची आणि परत बसवायची. 2008 साली श्रीगोंदा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत संगणक निदेशक म्हणून रुजू झालो, तेव्हा पहिल्या आठवड्यात शिकवणं कमी आणि हेच काम जास्त केलं. खोडरबर मुलांकडूनच मागून घ्यायचो. दहापैकी सहा संगणक सुरू झाले की त्या दिवशीचा तास निभायचा. एकेका संगणकापुढं सात-आठ मुलं, माउस मात्र एकाच्याच हातात. भारनियमनाचं वेळापत्रक मी शाळेच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवलं होतं. ते बदललं की आठवीचा तास बदलायचा.

केंद्र सरकारच्या आयसीटी योजनेतली ती प्रयोगशाळा. ठेकेदारानं ती उभारायची, पाच वर्षं चालवायची आणि मग सगळं सामान शाळेच्या ताब्यात द्यायचं, असा करार. मानधन महिनोन् महिने थकायचं. तरी मन तिथं रमलं. एका मुलीनं पडद्यावर स्वतःचं नाव मराठीत उमटवलं आणि ते पुसायला ती तयारच होईना, तो दिवस अजून आठवतो.

त्या काळात मराठी टाइप करणं म्हणजे मोठी अडचण होती. कुणाकडं श्रीलिपी, कुणाकडं आकृती, कुणाकडं शिवाजी फॉन्ट. घरी तयार केलेली प्रश्नपत्रिका शाळेतल्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हांची रांग दिसायची. शिक्षकांना वाटायचं, फाइल आपल्याच हातून बिघडली. युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक शिकवायला सुरुवात केली, तसं हे भय हळूहळू गेलं. तीस वर्षं सुंदर अक्षरात फळा लिहिणारे एक गुरुजी दोन महिने रोज अर्धा तास बसून इनस्क्रिप्ट शिकले. आपल्या भाषेत लिहिता आलं की यंत्र परकं राहत नाही, हे मला त्यांनी दाखवलं. माझ्या मते आपल्याकडच्या शाळांतल्या तंत्रज्ञानाची खरी सुरुवात युनिकोडपासून झाली. प्रोजेक्टर आणि पडदे नंतरचे.

2013 मध्ये करार संपला. संगणक शाळेचे झाले, निदेशक मात्र कुणाचाच राहिला नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं, ‘‘सर, आता हे चालवायचं कुणी?’’ मी पुढच्या आठवड्यात विनामानधन गेलो. मग शेजारच्या शाळेनं बोलावलं, मग आमच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत तासभर बोलायला सांगितलं. अशानं मी स्वतंत्र सुलभक झालो. पगार कुणाचा नाही, कंपनी कुठली नाही. पेट्रोल आणि दिवसाचे ठरतील ते पैसे. माझ्या शिफारशीवर शाळेनं अमुकच डिजिटल फळा घेतला तर टक्केवारी देऊ, असा निरोप पहिल्याच वर्षी एका विक्रेत्याकडून आला. तो नाकारला म्हणून पुढची दहा वर्षं शिक्षकांनी मला खरी अडचण सांगितली. स्वतंत्र या शब्दाची किंमत एवढीच, आणि ती मला महाग वाटली नाही.

पुढचा काळ भारावलेला होता. 22 जून 2015 रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला आणि ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द तालुक्या-तालुक्यांत रुळला. गाडी करून शिक्षक साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या शाळा बघायला जात, शहापूरच्या पाष्टेपाड्याची डिजिटल शाळा बघून येत. आपल्या नगर जिल्ह्याला लोकवर्गणी नवी नव्हती. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार याच मातीतले. यात्रेच्या शिल्लक पैशांतून टीव्ही आला, जुन्या विद्यार्थ्यांनी टॅब दिले, कुणी आईच्या वर्षश्राद्धाचं जेवण थांबवून प्रोजेक्टर घेतला. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं आणि नेट परवडू लागलं; पुढच्याच वर्षी, शिक्षकदिनालाच, ‘दीक्षा’ हे डिजिटल पाठांचं व्यासपीठ आलं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांवर लावलेल्या क्यूआर कोडची कल्पना बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत उतरली होती. सर्वसाधारण शाळेतल्या एका शिक्षकाची युक्ती राज्यभर गेली, याचा आम्हा सगळ्यांना फार आधार वाटला.

त्या दोन-तीन वर्षांत मी किती नारळ फुटताना पाहिले! फेटे, फ्लेक्स, पाहुण्यांच्या हस्ते रिमोटचं बटण. मीही त्या व्यासपीठांवर बसलो.

मग 2018 चा उन्हाळा आला. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन पद्धतीनं झाल्या आणि असंख्य शिक्षक एकदम या तालुक्यातून त्या तालुक्यात गेले. बदल्यांबद्दल माझी तक्रार नाही. वर्षानुवर्षं अवघड क्षेत्रात अडकलेल्यांना त्यामुळं न्याय मिळाला. पण जूनमध्ये जुन्या शाळांवरून फिरलो तेव्हा मन खचलं. ज्या वर्गात मी स्वतः टीव्ही लावला होता, तिथं त्यावर टॉवेल टाकलेला. पासवर्ड जुन्या सरांच्या फोनमध्ये, पेनड्राइव्ह त्यांच्या पिशवीत. नव्या बाईंना कुणी काही सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या एका शाळेचं वीजबिल थकून मीटर काढून नेलेलं. तिसरीकडं उंदरांनी केबल कुरतडलेली, दुरुस्ती शंभर रुपयांची, पण ती कुठल्या खात्यातून करायची हे ठरत नव्हतं.

यात चूक माझीही होती. मी प्रत्येक शाळेत सगळ्यात उत्साही शिक्षक हेरायचो आणि सारं त्यालाच शिकवायचो. तो गेला की शाळा कोरी.

मोजण्यातली चूक मात्र त्याहून जुनी. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावी (आपल्या नव्हे, तिकडच्या कर्जत तालुक्यात) प्रत्येक मुलाला छोटा हिरवा-पांढरा लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला होता. जगभर चर्चा झाली. तेव्हापासून आपल्याकडं यंत्र किती मुलांपर्यंत पोचलं हे मोजायची सवय लागली. दोन वर्षांनी त्यातली किती चालू आहेत, हा रकाना मला क्वचितच कुठल्या अहवालात दिसला.

मी पद्धत बदलली. एका शाळेत किमान दोन शिक्षक, त्यातला एक तंत्रज्ञानाला बिचकणारा असलाच पाहिजे. शिवाय शाळा व्यवस्थापन समितीतला गावातला एक जण, कारण त्याची बदली होत नाही. आणि टीव्हीशेजारी खिळ्याला दोरीनं बांधलेली वही. कुठली वायर कुठं, पासवर्ड काय, कुठला पाठ कुठल्या फोल्डरमध्ये, बिघाड कधी झाला आणि कुणी काढला, सगळं त्यात. हस्ताक्षर बदलत गेलं की मला कळतं, शाळा चालू आहे.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या वरच्या वाड्यांमध्ये रेंजसाठी पोरं टेकाडावर चढून बसायची. पावसात तेही बंद. जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली आणि फोन नसलेल्या पण टीव्ही असलेल्या घरांना तिचा उपयोग झाला. पाथर्डीची गोष्ट वेगळी. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीसाठी कोयत्यावर निघालेल्या टोळ्यांबरोबर मुलंही गेली आणि घरातला एकुलता फोन दिवसभर बापाच्या खिशात, उसाच्या फडात. तिथं लाइव्ह तासाचा काय उपयोग? एका शिक्षिकेबरोबर आम्ही तीन-चार मिनिटांचे आवाजी धडे करायला लागलो. ते संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर टाकायचे. रात्री कोपीत चूल पेटलेली असताना मुलं ते ऐकायची आणि उत्तर आवाजातच परत पाठवायची. मागं बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायच्या. इतक्या वर्षांत केलेल्या कामातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. त्यात पडदा नव्हता.

त्याच वर्षअखेरीस, 31 डिसेंबरला, अडोबीनं फ्लॅशला असलेला आधार काढून घेतला. ही बातमी फार थोड्यांच्या कानावर गेली असेल, पण शाळांनी विकत घेतलेल्या कित्येक सीडींमधले पाठ फ्लॅशवर बनलेले होते. शाळा उघडल्यावर ते ब्राउझरमध्ये चालेनात. हजारो रुपयांचं साहित्य कपाटात राहिलं.

टिकलं ते शिक्षकांनी स्वतः बनवलेलं. संगमनेर तालुक्यातल्या एका गुरुजींनी दूध संकलन केंद्रावर उभं राहून फोनवर चित्रफीत केली: दशांश अपूर्णांक. हातात दुधाची पावती, फॅट 3.5, एसएनएफ 8.5. फॅट 3.5 वरून 3.4 वर आलं तर बाबांना भाव का कमी मिळतो, हे मुलं घरी रोज ऐकतात. पण तो अपूर्णांक आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. विकतच्या पाठात दशांश शिकवताना सफरचंद कापलं होतं. गुरुजींची चित्रफीत साध्या एमपी4 मध्ये होती, गावच्या बोलीत होती, आणि ते बदलून गेल्यावरही नव्या शिक्षिका ती दाखवतात. वहीत तिची नोंद आहे.

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं. शाळांच्या पाट्या बदलल्या, काही ठिकाणी नवे मोठे स्पर्शपटल आले. मदत करू इच्छिणारी मंडळं, माजी विद्यार्थी, साखर कारखान्यांचे कार्यकर्ते अजूनही फोन करतात: सर, शाळेला काय देऊ? त्यांना माझी विनंती अशी. टीव्ही लहान घ्या. उरलेल्या पैशांत दोन वर्षांचं वीजबिल आणि दुरुस्ती शाळेच्या खात्यावर वेगळी ठेवा. उद्घाटनाला या, नारळही फोडा; पण पुढच्या वर्षी त्याच तारखेला न सांगता पुन्हा शाळेत जा आणि ती वही उघडून बघा.