ऑलिंपिकच्या वाटेवरचे एक गहाणखत

भरत चक्रवर्ती आणि बाहुबली ह्या दोन भावांची कथा आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. प्रवचनांत ती बहुधा बाहुबलींच्या वैराग्यापाशी येऊन स्थिरावते, आणि ते योग्यच आहे. परंतु वैराग्याच्या आधीचा प्रसंगही विचार करण्याजोगा आहे. दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी ठाकली असता, आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणानुसार, दोन्ही पक्षांच्या मंत्र्यांनी एक तोड काढली. वाद दोन भावांचा. त्यापायी असंख्य सैनिकांचे प्राण का जावेत? तेव्हा दोघांनीच दृष्टियुद्ध, जलयुद्ध व मल्लयुद्ध करावे आणि जो निकाल लागेल तो मानावा. श्वेतांबर परंपरेत ह्या द्वंद्वांचे प्रकार अधिक सांगितले आहेत, पण मूळ कल्पना तीच. तिन्हींत हरल्यावर भरतांनी चक्र सोडले. त्यांना कमीपणा आला तो हरल्यामुळे नव्हे, ठरलेला नियम मोडल्यामुळे.

आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारला तर मला प्रथम ही कथा आठवते. ग्रीकांनाही असेच काही सुचले होते. ऑलिंपियातील स्पर्धांची नोंद इसवी सनापूर्वी ७७६ पासून सापडते. त्या काळात ग्रीक नगरराज्ये ‘एकेखेइरिया’ नावाचा तह पाळत. ह्या तहाने सर्व लढाया थांबत असत असा एक गोड समज आहे. वस्तुतः त्याचा हेतू मर्यादित होता. स्पर्धेला जाणाऱ्या-येणाऱ्या खेळाडूंना व यात्रेकरूंना वाटेत कोणी अडवू नये, एवढी हमी त्यात होती. व्यापारी माणसाला ह्या हमीचे मोल सांगायला नको. मार्ग सुरक्षित नसेल तर बाजार भरत नाही. खेळही भरत नाही.

फ्रान्सच्या पियर द कुबेर्तँ ह्यांनी १८९४ मध्ये पॅरिसला परिषद भरवून ह्या स्पर्धांचे पुनरुज्जीवन केले आणि १८९६ मध्ये पहिले आधुनिक ऑलिंपिक अथेन्सला झाले. कुबेर्तँ ह्यांचे नाव सर्वांना ठाऊक असते. अथेन्सचे प्राचीन संगमरवरी क्रीडांगण पुन्हा उभे करण्यास ग्रीक सरकारपाशी पैसा नव्हता, तेव्हा अलेक्झांड्रियात व्यापार करून धनवान झालेल्या जॉर्ज आव्हेरॉफ ह्या ग्रीक व्यापाऱ्याने नऊ लाखांहून अधिक द्राख्मा दिले, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. त्यांचा पुतळा आजही त्या क्रीडांगणासमोर उभा आहे. पहिल्याच ऑलिंपिकच्या जमेच्या बाजूला एका व्यापाऱ्याचे नाव आहे. आपल्या मासिकाच्या वाचकांनी ते लक्षात ठेवावे असे मला वाटते.

आपल्याकडची गोष्टही फारशी वेगळी नाही. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांना सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून गेले. ग्रामीण भागातून आलेले, अनवाणी धावणारे तरुण त्यांनी तेथे पाहिले आणि ही मुले युरोपातील धावपटूंसमोर उभी राहू शकतील, असे त्यांच्या मनाने घेतले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांच्या साहाय्याने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारताला प्रवेश मिळाला. खर्चाचा मोठा भार दोराबजींनी स्वतः उचलला. त्या लहानशा पथकात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले, म्हणजे पदकाच्या उंबरठ्यावरून परतले. पुढे १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद दोराबजींकडेच आले.

ह्याच अँटवर्पच्या स्पर्धेला जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया व तुर्कस्तान ह्यांना निमंत्रण नव्हते. ते महायुद्धात हरलेले देश होते. १९१६, १९४० व १९४४ ही तीन ऑलिंपिके तर युद्धांनी गिळलीच. तेव्हा खेळामुळे जगात शांतता नांदते, असे विधान मी करणार नाही. शांतता असेल तेव्हा खेळ तिला थोडे घट्ट करतो, इतके म्हणता येईल.

आता ज्या गहाणखतासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा दादासाहेब जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते गेले. मातीत वाढलेल्या ह्या मल्लाला गादीवरच्या कुस्तीचा सराव नव्हता. तरीही ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे ठरले, तेव्हा संस्थाने विलीन झाली होती आणि मुंबई सरकारकडे केलेल्या विनंत्यांना पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही. गावाने वर्गणी काढली. ती पुरेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले.

माझे आयुष्य बँकेत गेले. तारण, मूल्यांकन आणि परतफेडीचे साधन हे तीन शब्द झोपेतही ऐकू यावेत इतके परिचयाचे झाले. परतफेडीच्या रकान्यात ‘एका विद्यार्थ्याचे खांदे’ असे लिहिलेला अर्ज माझ्यासह कोणत्याही शाखाधिकाऱ्याने मंजूर केला नसता. १९५२ साली सात हजार ही मध्यमवर्गीय माणसाला आयुष्याची पुंजी वाटावी अशी रक्कम होती. प्राचार्यांनी नातेवाइकासाठी नव्हे, विद्यार्थ्यासाठी घर पणाला लावले. आणि तेही अशा गोष्टीसाठी, जिच्यातून एक पैसाही परत येण्याची शाश्वती नव्हती.

खाशाबांनी हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सुवर्ण जपानच्या शोहाची इशी ह्यांना आणि रौप्य सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव्ह ह्यांना मिळाले. इशींशी दीर्घ लढत झाल्यावर विश्रांतीचा नियमाचा अवधी न देताच खाशाबांना पुढच्या कुस्तीला उतरवले गेले आणि हरकत घ्यायला एकही भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असे सांगितले जाते. तिकिटाचे पैसे एका घराने दिले, पण नियम समजणारा माणूस पाठीशी उभा करणे हे एका घराचे काम नव्हते. परतल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी काय केले? कुस्त्यांची मैदाने भरवली, त्यांत स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. मुद्दल फेडले गेले. १९५५ मध्ये ते पोलीस दलात दाखल झाले, १९८४ मध्ये अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावावर लागला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी.

त्याच १९५२ च्या फेब्रुवारीत आपल्या मुंबईत जागतिक टेबल टेनिस स्पर्धा भरली होती. आशिया खंडातील ती पहिलीच. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकपासून दूर ठेवला गेलेला जपान ह्या स्पर्धेत प्रथमच उतरला आणि हिरोजी सातो नावाच्या खेळाडूने जाड स्पंज लावलेल्या बॅटने पुरुष एकेरीचे विजेतेपद नेले. युद्ध संपून सात वर्षेही झाली नव्हती. हरलेल्या, बदनाम झालेल्या राष्ट्राला पुन्हा जगाच्या पंगतीत बसायला मुंबईने पाट मांडला, ही गोष्ट आपल्या शहराच्या इतिहासात ठळकपणे लिहिली जायला हवी होती.

मोठ्या यजमानांचा हिशेब थोडक्यात सांगतो. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकचे कर्ज फिटायला २००६ साल उजाडले, आणि ते फेडायला तंबाखूवरील कराचाही आधार घ्यावा लागला. उलट १९८४ च्या लॉस एंजेलिसने जुनी मैदाने वापरली, प्रायोजक जोडले आणि वीस कोटी डॉलरहून अधिक शिल्लक दाखवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईत झाले, तेव्हा २०३६ चे यजमानपद मिळवण्याची इच्छा आपल्या पंतप्रधानांनी बोलून दाखवली. हे दोन्ही ताळेबंद तोवर कोणीतरी नीट वाचावेत.

मला स्वतःला लहान स्पर्धेत अधिक रस वाटतो. अँटॉप हिलहून फारशा लांब नसलेल्या शिवाजी पार्कवर १६ व १७ फेब्रुवारी २०१९ रोजी मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे ह्यांनी अनेक वर्षे देशोदेशी फिरून हा खेळ शिकवला, आणि सुमारे पंधरा देशांचे खेळाडू त्याच खांबावर चढायला दादरला आले. पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्या विद्येला ऊर्जितावस्था आणली, ती परदेशी मुले आपल्या मैदानावर करून दाखवत होती. अवाढव्य स्टेडियम लागले नाही. ज्याने जे शिकवले ते पाहायला तो स्वतः उभा होता.

महाराष्ट्राला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळवणारे स्वप्नील कुसाळेही कोल्हापूर जिल्ह्याचेच, आणि मध्य रेल्वेच्या नोकरीत. ह्या साऱ्यात आपल्या व्यापारी घरांची नावे विरळच आढळतात. देरासर, पाठशाळा, रुग्णालय, पांजरापोळ ह्यांच्यासाठी आपले हात सढळ असतात. क्रीडांगणासाठी चोपडीत खातेच उघडलेले नसते. कुस्ती-मुष्टियुद्धात हिंसा आहे असा आक्षेप काही वडीलधारे घेतात. त्यांना मी भरत-बाहुबलींच्या मंत्र्यांचा निर्णय दाखवतो. दुसरी अडचण खरी आहे. मुलगी राज्य पातळीच्या शिबिरापर्यंत पोहोचते, तेथे जेवण रात्री साडेआठला मिळते, भाजीत कांदा-बटाटा असतो. चौविहार करणाऱ्या घरातली आई मग तिला परत बोलावते आणि दहावीचे निमित्त पुढे करते. हे मी आपल्याच परिचितांच्या घरांत पाहिले आहे.

वस्तुतः मुंबईच्या बहुतेक संघांकडे भोजनशाळा आहेत, स्वयंपाकी आहेत, आणि सूर्यास्तापूर्वी शेकडो पाने वाढण्याची सवय आहे. सरावाला किंवा स्पर्धेला शहरात आलेल्या खेळाडूंसाठी, आपल्या असोत वा परक्या, संध्याकाळी पाच ते सहा ह्या वेळात ती दारे उघडी ठेवायला ट्रस्टला घर गहाण टाकावे लागणार नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय कोणी मांडला, तर अनुमोदन द्यायला मी हजर राहीन.