उतारावर ट्रॅक्टर का घसरतो?

डोंगरउतारावरील आंबा-काजूच्या बागेत पावसाळ्यात छोटा ट्रॅक्टर खाली आणताना ब्रेक दाबूनही तो घसरत जातो. ‘ट्रॅक्टर हलका आहे, वजन वाढवा,’ असा सल्ला अशा वेळी मिळतो. तो अर्धाच खरा आहे.

15 अंशांच्या उतारावर वाहनाच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा त्याला खाली ओढत असतो. 1,000 किलोच्या ट्रॅक्टरवर हा ओढा सुमारे 260 किलोंइतका असतो. वजन दुप्पट केले तर पकड दुप्पट होते, पण ओढाही दुप्पट होतो. त्यामुळे वजन किती आहे यापेक्षा ते कोणत्या चाकांवर आहे, हे महत्त्वाचे.

बहुतेक छोट्या ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. उतरताना भार पुढे सरकतो आणि नेमकी हीच चाके हलकी होतात. समजा, त्यांच्यावर 400 किलो भार उरला, तर ट्रॅक्टर रोखण्यासाठी त्या भाराच्या सुमारे दोन तृतीयांश घर्षण लागते. कोरड्या, टणक जमिनीवर ते जेमतेम मिळते. ओल्या गवतावर मिळत नाही. मग चाके थांबतात, ट्रॅक्टर मात्र थांबत नाही.

म्हणून मागच्या टायरमध्ये पाऊण भाग पाणी भरणे किंवा चाकांना बिडाची वजने लावणे उपयोगी ठरते. टायरच्या नक्षीचे उंचवटे झिजले असतील, तर टायर बदलावेत. डावे-उजवे ब्रेक वेगळे असल्यास दोन्ही पेडल कडीने जोडावेत. एकच चाक थांबले तर ट्रॅक्टर फिरून आडवा होतो.

फोर व्हील ड्राइव्ह केवळ चढासाठी नसते. ते जोडले की पुढची चाके शाफ्टमार्फत मागच्यांशी बांधली जातात आणि ब्रेकचा जोर चारही चाकांना मिळतो. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणे मात्र घातक आहे, कारण इंजिनाचा अटकाव त्यामुळे नाहीसा होतो. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. ब्रेक नसलेली भरलेली ट्रॉली मागून ढकलत असते. तीव्र उतारावर ती नेऊच नये.

एवढे करूनही उलटण्याचा धोका उरतोच. त्या वेळी जीव वाचवते ती चालकाभोवतीची पोलादी संरक्षक चौकट; पण सीटबेल्ट बांधलेला असेल तरच.