लहान डिझेल मोटार : घरची दुरुस्ती आणि तिच्या मर्यादा

ग्रामीण महाराष्ट्रात आज जुनी डिझेल मोटार ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. शाळेवर जाणारे शिक्षक, तालुक्याच्या बैठकीस जाणारे सरपंच, भाजीपाला बाजारात पोचविणारे शेतकरी अशा अनेकांच्या दारात दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडून घेतलेली लहान डिझेल गाडी उभी असते. कंपनीचे अधिकृत सेवाकेंद्र बहुधा जिल्ह्याच्या गावी असते आणि तेथील खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने फार वाटतो. त्यामुळे किरकोळ दुरुस्ती मालक स्वतः करतो किंवा गावातील मेस्त्रीकडून करून घेतो.

ही प्रवृत्ती नवी नाही. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढील काळात विहिरीवरचे डिझेल इंजिन शेतकऱ्याच्या ओळखीचे झाले. नळीत अडकलेली हवा काढणे, गाळणी धुणे, नोझल बदलणे ही कामे शेतकरी स्वतः शिकला. हे ज्ञान मोलाचे आहे. तथापि विहिरीवरच्या इंजिनावर चालणारी रीत आजच्या मोटारीवर जशीच्या तशी वापरल्यास ती घातक ठरू शकते. म्हणूनच कोणते काम स्वतः करावे, कोठे हात आवरावा आणि कोणत्या फेरफारास कायद्याची मनाई आहे, याची स्पष्ट कल्पना प्रत्येक मालकास असणे आवश्यक आहे.

इंजिनाचे कार्य

पेट्रोल इंजिनात इंधन पेटविण्यासाठी ठिणगी लागते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये केवळ हवा घेतली जाते आणि पिस्टन ती इतक्या जोराने दाबतो की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. या तप्त हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडताच ते आपोआप पेट घेते. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल यांना या तत्त्वाचे एकस्व १८९३ मध्ये मिळाले आणि १८९७ मध्ये त्यांचे इंजिन यशस्वी ठरले. प्रवासी मोटारीत ते येण्यास १९३६ साल उजाडावे लागले.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. डिझेल इंजिनास चार गोष्टी लागतात : स्वच्छ हवा, स्वच्छ इंधन, योग्य वंगण आणि पुरेसे थंडावणे. या चारांची निगा राखली, तर बहुतेक मोठे बिघाड टळतात. आणि ही निगा राखण्याचे काम प्रामुख्याने मालकाच्याच हातात असते.

दोन पिढ्यांची इंजिने

आपल्याकडे आढळणाऱ्या लहान डिझेल गाड्यांची ढोबळमानाने दोन पिढ्यांत विभागणी करता येते. पहिल्या पिढीचे उत्तम उदाहरण म्हणजे पिंपरी येथे तयार झालेली टाटा इंडिका. १९९८ च्या अखेरीस आलेल्या या गाडीचे डिझेल इंजिन १,४०५ घनसेंटिमीटरचे होते. सुरुवातीच्या इंडिकात इंधनाचा पंप पूर्णपणे यांत्रिक होता. गाळणी, पंप, नळ्या, इंजेक्टर हा सारा मार्ग डोळ्यांना दिसे आणि अनुभवी मेस्त्रीला कानाने कळे.

दुसरी पिढी ‘कॉमन रेल’ पद्धतीची. फियाटचे १,२४८ घनसेंटिमीटरचे मल्टिजेट इंजिन हे तिचे परिचित उदाहरण होय. ते पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार होत असे आणि मारुती स्विफ्टसह अनेक कंपन्यांच्या गाड्यांत वापरले गेले. या पद्धतीत सर्व इंजेक्टरांसाठी एकच नळी सतत प्रचंड दाबाखाली भरलेली असते आणि फवारा केव्हा व किती सोडायचा हे संगणक ठरवितो. हा दाब १,४०० ते १,६०० बारपर्यंत जातो. मोटारीच्या चाकात सुमारे सव्वादोन बार दाबाची हवा असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ उमगतो.

पेट्रोलपेक्षा डिझेल बरेच स्वस्त होते, त्या काळात या गाड्यांचा मोठा प्रसार झाला. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही उत्सर्जन मानके लागू झाली. त्या सुमारास मारुतीसह काही कंपन्यांनी लहान डिझेल गाड्या बनविणे थांबविले. अशा गाड्यांच्या बाबतीत नव्या गाडीचा पर्याय आटला असून, आहे ती गाडी नीट टिकविण्याला अधिक महत्त्व आले आहे.

मालकाने स्वतः करावयाची कामे

हवेची गाळणी हे पहिले काम. धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची गाळणी पुस्तिकेत दिलेल्या मुदतीच्या आधीच तुंबते. गाळणी तुंबली की हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळते आणि खर्च वाढतो. कागदी गाळणी पाण्याने धुऊ नये. ती बदलावी. गाळणीशिवाय गाडी चालविणे तर सर्वस्वी टाळावे, कारण धुळीचे कण सिलिंडरच्या भिंती कानशीप्रमाणे घासून काढतात.

दुसरे काम इंधनाच्या गाळणीतील पाणी काढण्याचे. डिझेलपेक्षा पाणी जड असल्याने ते गाळणीच्या तळाशी साचते. अनेक गाड्यांत तळाला त्यासाठी चावी असते. ठरावीक दिवसांनी ती सैल करून पाणी भांड्यात काढून घ्यावे. हे पाणी पुढे गेल्यास पंप व इंजेक्टर गंजतात आणि त्यांची दुरुस्ती फार खर्चाची असते. याच कारणास्तव उघड्या डब्यात किंवा गंजलेल्या पिंपात साठविलेले डिझेल मोटारीत भरू नये.

डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याची जुनी खोड अद्याप काही ठिकाणी दिसते. ती बेकायदेशीर तर आहेच, पण तोट्याचीही आहे. पंपातील सूक्ष्म भागांना वंगण डिझेलमधूनच मिळते. रॉकेलमध्ये हा गुण कमी असल्याने पंप झिजतो. खाद्यतेलाबाबतही असाच गैरसमज आहे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते, हे खरे. परंतु दाट तेलाचा बारीक फवारा होत नाही आणि आजच्या इंजेक्टरवर त्याची काजळी बसते. प्रक्रिया करून तयार केलेले बायोडिझेल आणि डब्यातील तेल या भिन्न वस्तू आहेत.

तिसरे काम इंजिन ऑइलची पातळी पाहण्याचे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी पट्टी काढून पाहावे. पातळी कमी असणे वाईट, तसेच ती खुणेच्या वर जाणेही वाईट. धुरातील काजळी अडविणारी गाळणी बसविलेल्या गाड्यांत, लहान लहान अंतराच्या फेऱ्याच होत असल्यास, न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते व पातळी वाढते. ऑइल प्रमाणाबाहेर झाले आणि ते हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये शिरले, तर इंजिन त्यावरच भरधाव फिरू लागते व चावी बंद करूनही थांबत नाही. म्हणून वाढलेल्या पातळीकडे दुर्लक्ष करू नये.

चौथे काम रेडिएटरचे. नुसते विहिरीचे पाणी भरल्यास क्षार साचतात. पुस्तिकेत सांगितलेले कूलंट वापरावे. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

धुराचा रंग काय सांगतो

धुरावरून बिघाडाचा अंदाज बांधता येतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा इंधन जास्त. अशा वेळी प्रथम हवेची गाळणी पाहावी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. थंड इंजिनाचा क्षणभर दिसणारा पांढरा धूर चिंतेचा नसतो, परंतु इंजिन तापल्यावरही तो येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्यावे. एवढी माहिती असलेला मालक मेस्त्रीकडे गेला, तर त्यास अनावश्यक काम करून घ्यावे लागत नाही.

जेथे हात आवरावा

एखादा सिलिंडर काम करीत नसेल, तर चालू इंजिनावर एकेका इंजेक्टरच्या नळीची चाकी सैल करून दोष शोधण्याची जुनी रीत आहे. विहिरीवरच्या इंजिनावर ती वर्षानुवर्षे चालत आली. कॉमन रेल इंजिनावर ती कदापि वापरू नये. इतक्या दाबाची सूक्ष्म धार हातमोज्यातून व कातडीतून आरपार शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि आरंभी फारशी दुखतही नाही. मात्र आत गेलेले डिझेल मांस कुजविते आणि वेळेवर शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. असा अपघात घडल्यास घरगुती उपचारात वेळ न दवडता रुग्णास तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि डिझेल दाबाने आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजेक्टरचा फवाराही कातडी भेदू शकतो. त्यामुळे गळती शोधण्यासाठी बोट न फिरविता पुठ्ठ्याचा तुकडा धरावा.

टाकी रिकामी होऊन नळीत हवा शिरल्यास जुन्या गाडीत गाळणीवरील हातपंपाने ती काढता येते. नव्या गाडीत पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीनेच कमी दाबाच्या भागातील हवा काढावी. जास्त दाबाच्या नळ्यांना पाना लावू नये.

टायमिंग बेल्ट बदलणे हेही घरचे काम नव्हे. हा पट्टा तुटल्यास किंवा एक दाता चुकीचा बसल्यास झडपा पिस्टनवर आदळून इंजिन निकामी होऊ शकते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे तर जिवावर बेतते. गाडीखाली भक्कम स्टँड आणि चाकांना उटी लावल्याशिवाय काम सुरू करू नये.

पावसाळ्यात आणखी एक दक्षता हवी. ओढ्याच्या पाण्यातून जाताना हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये पाणी शिरल्यास ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. ती ओढून बाहेर काढावी व तपासून घ्यावी.

फेरफार आणि कायदा

दुरुस्ती म्हणजे गाडी मूळ स्थितीत आणणे. फेरफार म्हणजे ती मूळ स्थितीपासून वेगळी करणे. कायद्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. १९७० च्या दशकातील तेलदरवाढीनंतर पेट्रोल गाड्यांत डिझेल इंजिन बसविण्याचे काम अनेक गॅरेजांतून होत असे. आज तो मार्ग तितका मोकळा नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निर्णयात हे तत्त्व ठामपणे मांडले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

याचा अर्थ सर्व वाटा बंद आहेत असा नाही. वेगळ्या इंधनावर किंवा विजेवर गाडी चालविण्यासाठी मान्यताप्राप्त संच विहित अटींनुसार बसविता येतो. अपंग व्यक्तीस चालविता यावी यासाठी गाडीत अनुरूप बदल करण्याचीही तरतूद आहे. निकामी इंजिनाच्या जागी दुसरे बसविताना प्रादेशिक परिवहन कार्यालयाची मान्यता घेऊन नवा इंजिन क्रमांक प्रमाणपत्रात नोंदवून घ्यावा. ही नोंद राहून गेल्यास गाडी विकताना किंवा अपघातानंतर विम्याची मागणी करताना अडचण उभी राहते.

‘पिकअप’ वाढविण्यासाठी पंपाचा स्क्रू फिरविणे, संगणकातील नोंदी बदलणे, धुराचा काही भाग परत इंजिनात नेणाऱ्या झडपेवर पत्रा ठोकणे किंवा काजळीची गाळणी कापून टाकणे असे प्रकार सर्रास सुचविले जातात. त्यांमुळे गाडी क्षणभर चपळ वाटेल, परंतु त्याची किंमत दुसरेच मोजतात. डिझेलचा धूर माणसात कर्करोग निर्माण करतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ मध्ये काढला. शाळेच्या फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाडीचा धूर मुलांच्याच श्वासात जातो.

गावपातळीवर करण्याजोगे

या कामी ग्रामपंचायत व शाळा पुष्कळ काही करू शकतात. काढलेले जुने ऑइल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतले जाणार नाही, ते बंद पिंपात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जाईल, अशी व्यवस्था गॅरेजचालकांच्या सहकार्याने करता येईल. वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते, हे त्यांना समजावून सांगितले पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम शिकविला जातो. दहावीनंतर काय, असा प्रश्न पडलेल्या मुलांपुढे शिक्षकांनी तो ठेवावा. गावातच प्रशिक्षित तरुण उपलब्ध झाला, तर मालकाचे पैसे वाचतील आणि जोखमीचे काम जाणत्या हातांकडे जाईल.

विहिरीवरच्या इंजिनाने आपल्या शेतकऱ्यास यंत्राची भीती सोडावयास शिकविले. नव्या इंजिनापुढे त्या धिटाईस माहितीची जोड हवी. गाळणी, ऑइल आणि पाणी यांची निगा मालकाने नेमाने स्वतः राखावी, दाबाच्या नळ्या प्रशिक्षित कारागिराकडे सोपवाव्यात आणि कोणताही बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. एवढे पथ्य पाळल्यास जुनी गाडीही कुटुंबाची सेवा दीर्घकाळ व सुरक्षितपणे करील.