दोघांचं एकमत होईपर्यंत

नवऱ्याच्या थोरल्या भावाची बायको हिंदीत जेठानी आणि धाकट्या भावाची देवरानी. मराठीत दोघी जावाच. बोलताना कुणाचं काही अडत नाही. पण मुंबईच्या आयआयटीत मराठी वर्डनेट घडवणाऱ्या भाषातज्ज्ञाला इथे थांबावंच लागतं. हिंदीच्या दोन नोंदींसमोर मराठीची एकच नोंद ठेवायची, की थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ वेगळ्या करायच्या?

पवईच्या या संस्थेत संगणकशास्त्र विभागात 2000 साली सरकारी अनुदानावर भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्र सुरू झालं. ‘सीफिल्ट’ या नावाने ते ओळखलं जातं. प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे आधी हिंदी वर्डनेट झालं, मग मराठी. प्रेरणा होती जॉर्ज मिलर यांनी 1980च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठात सुरू केलेल्या इंग्रजी वर्डनेटची. यात शब्द अकारविल्हे नसतात, अर्थाप्रमाणे गटांत असतात: पान, पर्ण एका गटात, पान, पृष्ठ दुसऱ्या. अशा गटाला म्हणतात सिनसेट. हिंदी सिनसेट समोर ठेवून मराठी शब्द भरत गेलं, की ‘कशाचा प्रकार’, ‘कशाचा भाग’ ही नाती हिंदीकडूनच घेता येतात. गोवा विद्यापीठात कोकणीचं काम झालं. अशी अनेक भाषांची वर्डनेटं जोडून इंडोवर्डनेट उभं राहिलं.

एमटेक किंवा पीएचडीच्या विद्यार्थ्याचा या सगळ्याशी संबंध येतो तो पुढच्या टप्प्यावर. पर्यटन आणि आरोग्य या विषयांवरच्या मजकुरात प्रत्येक शब्दाचा नेमका अर्थ कोणता, याची खूण माणसं करतात. त्या खुणांवरून संगणकाला शिकवायचं असतं. खुणांवर भरवसा किती ठेवायचा हे तपासायला तोच मजकूर दोघांना स्वतंत्रपणे दिला जातो, आणि कितीदा जुळलं ते मोजलं जातं.

नुसती टक्केवारी इथे फसवी ठरते. शब्दाचे दोनच अर्थ असतील आणि दोघांनी डोळे मिटून छापा-काटा केला, तरी साधारण निम्म्या वेळा जुळेलच. म्हणून जेकब कोहेन यांनी 1960 साली मांडलेला ‘कप्पा’ हा निर्देशांक योगायोगाने जुळणारा वाटा वजा करतो. त्या हिशेबात छापा-काटा करणाऱ्या दोघांचं एकमत शून्याच्या आसपास भरतं. कप्पा घसरला, की विद्यार्थी आधी आपला प्रोग्रॅम तपासत नाही. तो भाषातज्ज्ञांबरोबर बसून न जुळलेली वाक्यं एकेक करून वाचतो. कधी एकाची नजरचूक निघते. कधी सूचनाच मोघम असतात. आणि कधी लक्षात येतं की वर्डनेटने दोन अर्थांत ओढलेली रेघ इतकी बारीक आहे, की मराठी माणसालाही ती दिसत नाही. या बैठका कंटाळवाण्या आणि लांबलचक असतात, पण या संशोधनाचा कस लागतो तो इथेच.

पीएचडीच्या विद्यार्थ्याला विषयांच्या परीक्षा आणि पात्रता परीक्षेनंतर दरवर्षी समितीपुढे प्रगतीचा आढावा मांडावा लागतो. एमटेकवाला दोन-तीन वर्षांत निघूनही जातो. त्याच्या मागून येणाऱ्याच्या हाती उरतात त्या खुणा आणि त्यांच्या सूचना. याच केंद्रात पीएचडी केलेले मितेश खापरा पुढे आयआयटी मद्रासमध्ये प्राध्यापक झाले आणि भारतीय भाषांसाठी खुला डेटा आणि मॉडेलं तयार करणाऱ्या ‘एआयफॉरभारत’च्या संस्थापकांपैकी एक ठरले.

शोधनिबंधाच्या कोष्टकात शेवटी दिसतो तो अचूकतेचा आकडा. समितीने त्याआधी न जुळलेल्या वाक्यांची यादी मागवायला हवी, आणि ती वाचणाऱ्या भाषातज्ज्ञांची नावं निबंधाच्या लेखकांत असायला हवीत.