कीबोर्ड घेताना कानाने पारखा

महाळुंग्यातल्या एखाद्या भजनी मंडळाला गटाच्या पैशातून कीबोर्ड घ्यायचा असेल, तर पुण्याची दुकानं जवळच आहेत. ‘पियानो’चा आवाज सगळ्याच कीबोर्डांत असतो, मग किमतीत एवढा फरक का?

खऱ्या पियानोत 88 पट्ट्या असतात. पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आपटते. कीबोर्डात तारा नसतात. पियानोचे रेकॉर्ड केलेले सूर साठवलेले असतात. ते किती आणि कसे साठवलेत, यावर आवाज ठरतो.

दुकानात तीन गोष्टी करून पाहा. एकच पट्टी आधी हळू, मग जोरात दाबा. साध्या कीबोर्डात फार तर आवाज वाढतो. चांगल्यात सूर खणखणीतही होतो. मग पट्टी दाबून धरा. सूर हळूहळू विरायला हवा, पटकन तुटायला नको. शेवटी पट्ट्या ओळीने वाजवा. मध्येच आवाजाचा पोत बदलला, तर थोडेच सूर ताणून सगळीकडे वापरलेत असं समजा.

आणि एक लक्षात ठेवा. भाता चालू असेतो पेटीचा सूर टिकतो, पियानोचा विरतो. भजनाची साथ करायची, तर त्याच कीबोर्डातला हार्मोनियमचा आवाज आधी ऐका. तो पसंत नसेल, तर साधी पेटीच घ्या!