लाडू कोणी खाल्ले?
(मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांना बोलतं करणारे काही खेळ)

फ्रीमाँटमध्ये मराठी ऐकू येणं ही आता काही नवलाई राहिलेली नाही. संध्याकाळी लेक एलिझाबेथला एक फेरी मारा किंवा भारतीय दुकानात कोथिंबिरीच्या जुड्यांपाशी दोन मिनिटं उभे राहा. "अगं, ही शिळी दिसतेय, ती घे" असं एखादं खणखणीत वाक्य कानावर पडतंच. पण जरा नीट कान दिलात तर लक्षात येईल, की ही वाक्यं बोलणारे बहुतेक सगळे चाळिशीच्या आसपासचे किंवा पुढचे असतात. त्यांच्याबरोबरची बारा-तेरा वर्षांची मुलं सगळं समजून घेतात आणि उत्तर मात्र इंग्रजीत देतात. "जेवलास का रे?" "नॉट हंग्री, आई." संवाद पुरा झाला, दोघांनाही कळलं, दोघंही आपापल्या कामाला लागले. घरात कोणाचं काही अडत नाही.

अडतं ते आजी-आजोबा आल्यावर. मोठ्या हौसेने सहा महिन्यांसाठी आलेली आजी आणि मिडल स्कूलमधली नात एकाच सोफ्यावर बसलेल्या असतात, आणि मध्ये दुभाषी म्हणून आई लागते. आई ऑफिसला गेली की सोफ्यावर शांतता! फोनवर तर आणखीच पंचाईत. "कशी आहेस?" "बरी आहे." "अभ्यास?" "चाललाय." "आईला देते हं." चार वाक्यांत सात समुद्रांपलीकडचं नातं आटोपतं. प्रेमात काही कमी नसतं हो, पाचवं वाक्य तोंडात येत नाही इतकंच.

शनिवार-रविवारी मराठीचे वर्ग घेणारी आम्ही काही पालक-शिक्षक मंडळी या पाचव्या वाक्याच्या मागे लागलो आहोत. लहान मुलांची फारशी चिंता नसते. ती बडबडगीतं म्हणतात, हातवारे करतात, चुकली तरी हसून पुढे जातात. अकरा ते चौदा वयाच्या मुलांची गोष्ट निराळी. चुकलो तर मित्र हसतील ही धास्ती या वयात सगळ्यात मोठी. त्यामुळे ज्याला बरंच येतं तोसुद्धा गप्प बसतो.

आता गंमत बघा. याच वयाच्या मुलांना बोलतं कसं करावं हा प्रश्न पॅसिफिकच्या पलीकडे कोरियालाही पडलेला आहे, पण इंग्रजीच्या बाबतीत. दक्षिण कोरियात १९९७ पासून इंग्रजी तिसरीपासून शिकवायला लागले. त्याआधी १९९५ पासूनच बाहेरदेशचे इंग्रजी भाषक शिक्षक सरकारी योजनेतून शाळांमध्ये नेमायला सुरुवात झाली होती. तरी तिथल्या विद्यापीठ प्रवेशाच्या मोठ्या परीक्षेत इंग्रजी वाचायचं आणि ऐकायचं असतं, बोलायचं नसतं. साहजिकच मुलं व्याकरणात पक्की आणि तोंड उघडायची वेळ आली की खाली मान! म्हणून तिथल्या मिडल स्कूलच्या वर्गात शिक्षक खेळ घेतात. आरोपी आणि पोलिस, अर्धं चित्र तुझ्याकडे अर्धं माझ्याकडे, ओळख पाहू मी कोण. त्यांच्या मुलांना वाचता येतं पण बोलता येत नाही, आपल्या मुलांना ऐकून कळतं पण बोलता येत नाही. कुलपं दोन, किल्ली तीच.

याला थोडा शास्त्राचाही आधार आहे. कॅनडात इंग्रजी घरांतली मुलं फ्रेंच माध्यमातून शिकत होती. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून त्यांना समजायचं छान, पण बोलणं मागे राहिलेलं. मेरिल स्वेन या अभ्यासिकेने १९८५ मध्ये या मुलांवरून मांडलं, की कानावर पडणं पुरेसं नाही, बोलायची निकड निर्माण व्हावी लागते. आपल्या घरोघरी नेमकी हीच कथा नाही का?

शिवाय साधा हिशेब करून बघा. वर्गात बारा मुलं, तास पंचेचाळीस मिनिटांचा. त्यातला निम्मा वेळ बाईच बोलल्या आणि उरलेल्यात एकेकाला प्रश्न विचारले, तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला दोन मिनिटंसुद्धा येत नाहीत. तेच जोड्या करून खेळ लावला तर वीस मिनिटांच्या खेळात प्रत्येक मूल दहा मिनिटं बोलू शकतं. गलका होतो, मान्य! पण मराठी शाळेतला मराठी गलका कोणाला नको आहे?

तर आता खेळांकडे वळू.

शिवाजी म्हणतो

आपण सगळे हा खेळ खेळलो आहोत. "शिवाजी म्हणतो, उभे राहा" म्हटलं तर उभं राहायचं, नुसतं "उभे राहा" म्हटलं तर नाही. आपल्या शेजारच्या सॅन होजेच्या स्टेट युनिव्हर्सिटीतले मानसशास्त्राचे प्राध्यापक जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात हुकूम ऐकून कृती करत भाषा शिकण्याची अख्खी पद्धत विकसित केली. ती वाचताना आम्हांला शिवाजीच आठवला! मोठ्या मुलांसाठी यात एकच बदल करायचा. दोन-तीन फेऱ्यांनंतर हुकूम मुलांनी सोडायचे. "शिवाजी म्हणतो, डाव्या हाताने उजवा कान पकडा." हे वाक्य बोलायला सोपं नाही, पण मित्राची फजिती करायची म्हटल्यावर तेरा वर्षांचा मुलगा वाट्टेल तितकी मेहनत घेतो.

लाडू कोणी खाल्ले?

हा आमच्या वर्गातला सगळ्यांत लाडका खेळ. डब्यातले लाडू काल दुपारी चार ते सहाच्या दरम्यान नाहीसे झाले आहेत. दोन आरोपी. दोघांचं म्हणणं एकच, की "आम्ही त्या वेळी एकत्र होतो." दोघांना पाच मिनिटं वर्गाबाहेर पाठवायचं आणि काय सांगायचं ते ठरवू द्यायचं. तोवर बाकीचे पोलिस प्रश्न तयार करतात. मग एकेकाला आत बोलवून उलटतपासणी. "कुठे गेला होतात? कोणी गाडी चालवली? काय खाल्लं? पैसे कोणी दिले? पाऊस होता का?" दोघांच्या जबान्यांत तीन फरक सापडले की गुन्हा शाबीत.

आता यात व्याकरण किती दडलेलं आहे पाहा. भूतकाळ आला की आपली मुलं हमखास म्हणतात, "तो लाडू खाल्ला." इंग्रजीत कर्ता तसाच्या तसा राहतो, मराठीत त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद लाडवाच्या मागे जातं. त्याने लाडू खाल्ला, त्याने पोळी खाल्ली, त्याने केळं खाल्लं. हे फळ्यावर समजावून सांगितलं की मुलं जांभया देतात. उलटतपासणीत तेच पंचवीस वेळा येतं आणि जांभई एकही नाही. आणखी एक गंमत म्हणजे कितीतरी मुलगे "मी गेले, मी आले" म्हणतात. कारण उघड आहे, घरात मराठी जास्त करून आईची ऐकलेली असते. पोलिसांपुढे "मी दुकानात गेले होते" असं एखादा आरोपी म्हणाला की दुसरा पोलिसच विचारतो, "गेले का गेलो?" आम्हांला मध्ये पडावंच लागत नाही.

आम्ही की आपण?

इंग्रजीत एकच ‘वुई’. हिंदीतही ‘हम’ एकच. मराठीत मात्र ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर, ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा आत. गुजरातीत हा भेद आहे, तमिळ-तेलुगूतही आहे. आपल्या मुलांची इथे गडबड होते. पाहुण्यांसमोर "आम्ही आता जेवायला बसू या" म्हटलं की पाहुण्याने काय करायचं?

खेळ सोपा आहे. एका गटाने सहलीचे बेत जाहीर करायचे. "आपण आर्डनवूडच्या शेतावर जाऊ या" म्हटलं की समोरच्या गटाने उठून उभं राहायचं, कारण त्यांना आमंत्रण आहे. "आम्ही मिशन पीक चढणार आहोत" म्हटलं की बसून राहायचं. चुकून उठला तो बिनबोलावता पाहुणा! याच्याच जोडीला चिठ्ठ्यांचा खेळ घेता येतो. चिठ्ठीवर आजोबा, धाकटी बहीण, डॉक्टर, घरचा कुत्रा असं काहीबाही. चिठ्ठी न दाखवता "बस" की "बसा", "तुला पाणी हवं का" की "तुम्हांला" असं बोलायचं आणि समोर कोण आहे ते वर्गाने ओळखायचं. आजोबांना "इकडे ये" आणि कुत्र्याला "आपण बसावं" झालं की वर्ग डोक्यावर घेतला जातो, आणि आदरार्थी बहुवचन कायमचं लक्षात राहतं.

एकोणसत्तर की एकोणऐंशी?

मराठी आकडे म्हणजे मोठ्या मुलांचा जुना शत्रू. वीसपर्यंत ठीक, पुढे ‘सत्तावन्न’ आणि ‘सदुसष्ट’ यांत अंधार. यात त्यांना फार लाजवू नये. २०१९ मध्ये खुद्द बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी सुटसुटीत वाचनाची पद्धत दिली तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला होता! आम्ही यावर हाउजी खेळतो. तीच, लग्नघरात आणि सहलीच्या बसमध्ये खेळायची ती. एक ते नव्वद आकडे, आणि पुकारा पाळीपाळीने मुलांनीच करायचा. बक्षीस म्हणून राजगिऱ्याची वडी. पुकारणारा चुकला की सगळ्यांचंच तिकीट बिघडतं, त्यामुळे त्याला सुधारायला अख्खा वर्ग टपलेला असतो.

नाइल्सचा मूकपट

आपल्या गावातलं नाइल्स हे एके काळी सिनेमाचं गाव होतं. १९१५ च्या सुरुवातीला चार्ली चॅप्लिन तिथल्या एसने स्टुडिओत काम करत होता आणि ‘द ट्रॅम्प’ त्याने तिथेच केला. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९१३ मध्ये, दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागला होता. तोही मूकपटच. या योगायोगाचा आम्ही फायदा घेतो. मूकपटाचा दोन मिनिटांचा तुकडा आवाज बंद करून दाखवायचा आणि तीन-तीन मुलांच्या गटांनी त्याला मराठी संवाद द्यायचे. पडद्यावरचा माणूस धडपडला की काहीतरी बोलावंच लागतं. "अरे देवा!" "मेलो!" "डोळे फुटले का?" हे उद्गार कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसतात, पण यांच्याशिवाय मराठी बोलल्यासारखं वाटतच नाही. आणि बोलणारा पडद्यामागे असल्यामुळे लाजरी मुलंसुद्धा इथे मोकळी होतात.

खेळ घेताना तीन पथ्यं आम्ही पाळतो. पहिलं, इंग्रजी शब्द आला तर दंड नाही. वाक्य मराठी असलं की झालं, अडलेला शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा आणि पुढच्या फेरीत वापरायचा. दुसरं, चूक तोंडावर फेकायची नाही. मूल म्हणालं, "तो दार उघडला," की आपण म्हणायचं, "अस्सं! त्याने दार उघडलं? मग?" तिसरं, उच्चारावरून हसायचं नाही. ‘ळ’ जमत नसेल तर "निळ्या डोळ्यांच्या माळ्याची पिवळी केळी" असलं काहीतरी मुलांनाच रचायला सांगायचं. त्यात आईबाबांचीही जीभ अडखळते, हे पाहून त्यांना फार बरं वाटतं!

घरचा अभ्यास: आजीला विचारा

हे सगळं आठवड्यातून एक तास. बाकीचे दिवस घराच्या हाती. म्हणून दर आठवड्याला आम्ही प्रत्येक मुलाला असा एक प्रश्न देतो, ज्याचं उत्तर फक्त भारतातल्या माणसाकडे आहे. "आजोबा शाळेत कसे जायचे?" "आजीला लहानपणी कशाबद्दल मार पडला होता?" "बाबांनी लपवलेलं प्रगतिपुस्तक कोणी शोधलं?" इथे रविवारचे सकाळचे नऊ वाजले असतात तेव्हा उन्हाळ्यात तिकडे रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. त्यामुळे फोन वेळेवर, जमल्यास नाश्त्याच्या आधी करावा. आई-बाबांनी मधे शब्द पुरवू नयेत, खोलीबाहेर गेलात तर उत्तमच. पुढच्या वर्गात मूल ती गोष्ट सगळ्यांना सांगतं. शेवटच्या प्रश्नाची उत्तरं तर आम्ही मन लावून ऐकतो.

खेळांनी सगळं होईल असं नाही. जोडाक्षरं गिरवावीच लागतात, वाचनाला पर्याय नाही, पुण्याच्या भारती विद्यापीठाची परीक्षा देणाऱ्या मुलांना लेखी अभ्यास करावाच लागतो. कॅलिफोर्नियात २०१२ पासून बारावीनंतर डिप्लोमावर दोन भाषांच्या प्रावीण्याची मोहर मिळते, तिच्यासाठीही वाचन-लेखनाची तयारी हवी. पण लिहायला-वाचायला विसाव्या वर्षीही बसता येईल. तोवर आजी असेलच असं नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण सगळ्यांनी पेढे वाटले, फोटो पाठवले, अभिमान वाटला. तो दर्जा जुन्या ग्रंथांच्या बळावर मिळाला. इथे फ्रीमाँटमध्ये भाषेचं काय होणार, ते मात्र रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर ठरायचं आहे.

तेव्हा येत्या दिवाळीत लाडू वळून झाले की डबा मोजून ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन कमी भरतीलच. मग ओरडू नका, मुलांना समोर बसवा आणि शांतपणे विचारा, "लाडू कोणी खाल्ले?" उत्तर मराठीत आलं, तर तिसरा लाडू बक्षीस द्या.